पहार घेऊन घर शोधणारी केराबाई

"आवं बाबा, भाड्याचं मागनं बोलू. ही फरशी उकरू देशीला का न्हाई, तेवढं आदी सांगा."

चाळीचा राखणदार केराबाईच्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरच्या लोखंडी पहारीवर गेली आणि तिथंच अडकली.

"फरशी उकरायची? कशापायी?"

"खड्डा पाडायचाय."

"खोलीत?"

"मग काय चावडीत पाडू? हितं, ह्या भित्तीला लागून. दीड हात रुंद, दोन हात लांब, मांडीइतका खोल. जास्ती न्हाई."

"बाई, तुमी घर बगाय आलाय का घर फोडाय?"

मागं उभा असलेला तिचा नवरा मायाप्पा आपल्या पायतणाचा अंगठा निरखायला लागला. सोलापुरात येऊन त्यांना पुरता एक दिवस झाला नव्हता, आणि बायकोनं शहरातल्या पहिल्याच माणसाला येड्यात काढलं होतं. खोलीला वाईट म्हणावं असं काही नव्हतं. गिरणीची चाळ, दहा हात लांब-रुंद खोली, खाली गुळगुळीत शहाबादी फरशी, नळ दारातून दहा पावलांवर. गिरणीचं फाटक तर एवढं जवळ की खोकलं तर आत ऐकू जावं. पण फरशी ती फरशी. राखणदार म्हणाला, एक दगड जरी हलला तर मला घरी बसवतील.

"मग ऱ्हाऊ द्या," असं म्हणून केराबाई पायऱ्या उतरली.

खड्डा कशाला ते सांगायला पाहिजे. केराबाई खुटेकर धनगराची. मंगळवेढ्याकडच्या माळावर खडकेवाडी म्हणून चाळीस उंबऱ्यांचं गाव, तिथं तिचं सासर. ह्या लोकांचा धंदा घोंगडीचा. घोंगडीचा माग जमिनीलगत बसतो. विणणारा खड्ड्यात पाय सोडून काठावर बसतो, पायानं खालच्या फळ्या दाबतो आणि हातानं धोटा फेकतो. खड्डा नाही तर माग नाही. मग उरतात ती नुसती लाकडं, चुलीत घालायच्या लायकीची.

मागावर बसायचं ते गड्यानं, बाईनं लोकर कातायची, ही त्यांच्यातली रीत. पण तिचा सासरा हरिबा, त्याला पोरगा एकच, हा मायाप्पा, आणि त्याची बोटं धाग्याला कधी लागलीच नाहीत. तो मेंढरांमागं रानोमाळ हिंडायचा. म्हाताऱ्याची नजर अधू व्हायला लागली तशी त्यानं एक दिवस सुनेलाच हाक मारली, "केरा, ये. पाय सोड खाली." गावात बोभाटा झाला. हरिबाची सून खड्ड्यात बसती म्हणून पंचांनी त्याला बोलावून घेतलं. हरिबा म्हणाला, "तुमच्या घरातला येकादा गडी द्या मला शिकवाय. मी सुनंला आत्ता उटवतो." कुणी दिला नाही. त्यानंतर सात वर्षं केराबाई मागावर होती, आणि तिची घोंगडी खांद्यावर घेतलेला माणूस पावसात वळचण शोधत नाही असं बाजारात बोललं जायचं.

मग एका पावसाळ्यात मेंढरांत रोग शिरला. दीडशे मेंढरांतली अकरा उरली. तेरा महिने घरातली चूल पेटली ती मागाच्या जिवावर. मायाप्पाला रिकामं बसवेना, गावात काम नव्हतं. खडकेवाडीचाच रावजी आठ वर्षांपासून सोलापूरच्या गिरणीत होता. आता तर तो जाबराचा, म्हणजे गिरणीत माणसं भरणाऱ्या मुकादमाचा, उजवा हात झालेला. त्यानं शब्द टाकला, नोकरी लागली. चाळीतली खोलीही त्यानंच धरून ठेवली. सोमवारी पहिल्या भोंग्याला कामावर उभं राहायचं. आज गुरुवार होता.

म्हाताऱ्याला आणि सहा वर्षांच्या मायाक्काला धर्मशाळेत बसवून दोघं घर बघायला निघाली होती. हरिबा मागाच्या लाकडांच्या भाऱ्याला टेकून बसला होता. निघताना त्यानं एवढंच सांगितलं, "माग बसंल त्या घरात मी येईन. न्हाईतर माग आन् मी, दोगं मिळून माघारी."

वाटेत मायाप्पा धुसफुसत होता. "गिरणीत काम लागल्याव आता घोंगडी कशाला पायजे? म्हातारं येडं झालंय, आन् तू त्याच्या वरताण."

"मेंढरं हुती तवाबी तुमी हेच म्हनलासा. मेंढरं हायती की, माग कशाला? मग कुटं गेली ती मेंढरं?"

"गिरणी काय मेंढरू हाय व्हय, रोग लागून मराय?"

"मला गिरणीतलं काय कळतंय? पर एका पायावर उबं ऱ्हायाचं काम बगळ्याचं. आन् त्योबी मासा घावंपातूरच ऱ्हातो. आपल्याला दोन पाय हायती."

केराबाईशी भांडताना तिसऱ्या वाक्याला थांबावं, हे मायाप्पा लग्नानंतर लवकरच शिकला होता.

शुक्रवारी बाजारालगत चनबसप्पा वाण्याच्या घरामागची खोली बघितली. मातीची जमीन, स्वच्छ सारवलेली. केराबाईचं तोंड उजळलं. तिनं वाण्याला विचारून कोपऱ्यात पहारीनं वीतभर भोक पाडलं, त्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि समोर फतकल घालून बसली. वाणी दाराशी आला.

"एनव्वा, ऱ्हायाला आलीस की हीर पाडायला?"

"पाणी किती पितीया ते बगती, आप्पा."

मायाप्पानं तंबाखू मळली, दाढेखाली धरली, थुंकून आला, तरी पाणी जागच्या जागीच होतं. खाली काळी माती. सासू राग धरून बसावी तशी ती पाणी धरून बसलेली. असल्या जमिनीत खड्डा पाडला तर पावसाळ्यात त्याचं डबकं होतं, भिंती ढासळतात आणि विणणाऱ्याच्या गुडघ्यात वात शिरतो. खड्ड्याला मुरूम पाहिजे. केराबाईनं भोक बुजवलं, वाण्याच्या म्हशीचं शेण मागून घेतलं आणि जागा होती तशी सारवून दिली. वाणी म्हणाला, "अव्वा, ऱ्हायली असतीस तर बरं झालं असतं. माझ्या सुनंला सारवाय येत न्हाई."

शनिवारी सकाळी दोघं साखर पेठेच्या पलीकडं, तेलंगी विणकरांच्या वस्तीत शिरली. एका बोळात पाऊल टाकलं आणि वाटच संपली. बोळाच्या ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत ताणा पसरलेला. पांढऱ्या सुताची लांबच लांब पट्टी, कमरेइतक्या उंचीवर, लाकडाच्या घोड्यांवर ताणलेली. दोन्ही बाजूंनी बायामाणसं कुंच्यानं खळ फिरवत होती. मायाप्पानं धोतर सावरलं आणि कडेला ताणा खाली आला होता तिथं ओलांडायला पाय उचलला.

केराबाईनं त्याची पैरण धरून त्याला मागं खेचलं. "मेंढराच्या मागं हिंडून मेंढरू झालाय का? ताणा वलांडत्यात व्हय?"

ती खाली वाकली, पहार आडवी छातीशी धरली आणि सुताला पदरही लागू न देता खालून पलीकडं निघाली. ओणव्यानं जाणाऱ्या नवऱ्याच्या मुंडाशावर हात ठेवून तिनं ते आणखी खाली दाबलं.

कुंचा घेऊन उभी असलेली एक बाई हे बघत होती. पन्नाशीची, ठसठशीत, हातावर कोपरापर्यंत गोंदलेलं. पार्वतम्मा तिचं नाव. ताणा तिच्या दिराच्या मागाचा होता.

"एमम्मा, तू मागवाली?" तिनं आपल्या तेलंगी मराठीत विचारलं.

"व्हय. घोंगडीचा."

"घर पायजे?"

"तुमाला कसं कळलं?"

"दोन दिवस सगळी पेठ सांगते. एक बाई पहार घेऊन घर बघते."

पार्वतम्माच्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली रिकामी होती. वर माळवद, भिंती मातीच्या भेंड्यांच्या, आणि खाली जमीन मातीची. केराबाईनं चिमूटभर माती बोटांत चोळली. मुरूम. पाणी ओतलं, ते गपकन पिऊन जमीन पुन्हा कोरडी. तिनं मायाप्पाकडं बघितलंसुद्धा नाही, सरळ भिंतीलगत जागा धरली आणि पहार मारली.

पहार लोण्यात जावी तशी आत गेली.

केराबाई पहार तशीच सोडून मागं सरली. मंगळवेढ्याकडच्या माणसाला घरातली जमीन अशी पोकळ लागली की एकच गोष्ट सुचते. पेव. जोंधळा साठवायचं भुयार. बरेच दिवस बंद असलेलं पेव उघडलं की आतली हवा माणूस खाते. तिच्या चुलत्यांकडं दोन गडी असे गेलेले तिनं लहानपणी डोळ्यांनी बघितले होते. पहिला उतरला तो पडला, त्याला काढायला दुसरा उतरला तोही पडला. त्या घरात पुढं कुणी राहायला धजलं नाही.

तिनं पहार उपसली आणि दारात आली. "अम्मा, तुमच्या घराखाली पेव हाय. मी हितं लेकरू झोपवनार न्हाई."

"काय हाय?" पार्वतम्माला पेव माहीत नव्हतं. कुणी आपल्या घराला नाव ठेवतंय एवढं तिला कळलं, आणि ती तेलंगीत जे बोलायला लागली ते मायाप्पाला न समजताही समजलं. त्यानं बायकोला बोळातून बाहेर काढलं.

"झालं समाधान? चल आता चाळीत."

पेठेच्या तोंडाशीच रावजी भेटला. तो त्यांनाच हुडकत होता. चेहरा तापलेला.

"मायाप्पा, खोलीला चार गिऱ्हाइकं हायती. जाबरानं तुज्यासाटी धरलीया, माज्या शब्दाव. आज सांजच्याला किल्ली न्यायची असली तर ने. न्हाईतर सोमवारी फाटकाव मी तुला वळखत न्हाई."

मायाप्पा लगबगीनं पुढं झाला. नोकरी जायची गोष्ट होती. "नेतो की. आत्ताच येतो."

केराबाई मात्र हातातल्या पहारीकडं बघत होती. पहारीला जिथवर मऊ माती चिकटली होती तिथं तिनं चार बोटं ठेवली, मग पहार मांडीला लावून बघितली.

"पेव धा हात खोल असतंय," ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली. "आन् तोंडाव दगड असतोय. ही दगडाला लागली न्हाई. मांडीइतकी गेली आन् मुरमाव थांबली."

"केरे, आता पुरं! मी किल्ली आणाय चाललो. तू ये, न्हाईतर नको येऊ."

"आणा की. पाय तुमचेच हायती."

मायाप्पा रावजीमागं गेला, केराबाई उलट्या वाटेनं.

पार्वतम्मा दारातच होती. परत आलेली पहार बघून तिनं कमरेवर हात ठेवले. केराबाई म्हणाली, "अम्मा, शिव्या मागनं द्या. मला आनी येकदा बगू द्या," आणि उत्तराची वाट न बघता आत शिरली. भोकापासून वीतभर अंतरावर टोचली, मऊ. आणखी पुढं, मऊ. मग खणकन मुरूम लागला. तिथं तिनं खडूसारख्या खड्यानं खूण केली. डावीकडं, उजवीकडं, मागं. खुणा जोडत गेली तशी जमिनीवर चौकट उमटली. दीड हात रुंद, दोन हात लांब.

पेवाला कोपरे नसतात. पेव गोल असतं.

केराबाई उकिडवी बसून त्या चौकटीकडं बघत राहिली, आणि मग तिला असं हसू लोटलं की पदर तोंडात कोंबावा लागला. "अम्मा, हितं माग हुता!"

"मग काय सांगते मी तुला सकाळपासून? मग्गम गुंट! मागाचा खड्डा. माझ्या माणसाचा."

"मग बुजवला का?"

"माणूस गेला. पोरं गिरणीत. उघडा होता, शेळी पडली, पाय मोडला. बुजवला."

एवढं झाल्यावर घर ठरायला पाहिजे होतं. पण पार्वतम्मानं मान हलवली. पुढच्या खोलीत तिच्या दिराचा माग होता, पांढऱ्या सुताच्या साड्यांचा. "तुझा केस उडेल. मेंढीचा केस माझ्या ताण्यात आला, साडी गेली. वद्दु. नको."

ती खोटं बोलत नव्हती. लोकर पिंजताना तिचे बारीक तंतू हवेत तरंगतात आणि दिसेल त्या धाग्याला मिठी मारतात. केराबाईला ते तिच्याहून जास्त ठाऊक होतं, म्हणून तिनं वाद घातला नाही. उठून बोळात आली, ओला हात वर धरून वारं बघितलं. बोळापलीकडं मोकळा माळ होता, आणि वारं पेठेकडून माळाकडं जात होतं.

"पिंजान घरात करनार न्हाई. तितं, त्या बाभळीपाशी. तुमचा ताणा उचलल्याबिगर पिशवीचं तोंड सोडनार न्हाई. काततानाबी मागच्या दारात बसनार. तुमच्या साडीत येक केस घावला तर मला सांगू नगा, माजी लाकडं उचलून बोळात टाका."

पार्वतम्मानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मागाव कोण बसते? तुझा माणूस?"

"मी."

"तू?" पार्वतम्मा पहिल्यांदा हसली. "आमच्यात बाई खळ लावते, कांड्या भरते. बसत नाही. आणि तुझा माणूस कुठं गेला?"

"किल्ली आणाय."

"कसली?"

"दुसऱ्या घराची."

पार्वतम्मा एवढ्यानं हसली की दीर धोटा थांबवून बाहेर डोकावला. भाड्याचं बोलणं त्यापुढं चार शब्दांत उरकलं. ह्याच खोलीत पुढं केराबाईनं बावीस वर्षं काढली, मायाक्काचं लग्न इथूनच लावलं, आणि एवढ्या वर्षांत पार्वतम्माशी तिची तीनदा बोलाचाली बंद झाली. पण लोकरीवरून एकदाही नाही.

संध्याकाळी धर्मशाळेत मायाप्पा धोतराच्या गाठीत किल्ली बांधून बसला होता. हरिबानं चाचपून विचारलं, "कशाची रं?"

"चाळीची."

"तितं खड्डा हाय?"

"न्हाई."

"मग बरी हाय किल्ली. पाट खाजवाय हुईल."

केराबाईनं भांडण काढलं नाही. तिनं नवऱ्याला भाकरी वाढली आणि समोर बसली. "आवं, आता ऐका. पार्वतम्माच्या दारातनं म्या गिरणीच्या फाटकापातूर चालत गेले आन् आले. चुलीव दोन भाकरी हुईस्तवर माणूस पोचतोय. भोंगा तितंबी ऐकू येतोय, तिची पोरं त्याच भोंग्याव उटत्यात. तुमाला उशीर झाला तर पाप माजं."

"आन् रावजी?"

"त्याच्याकडं मी जाती."

"तू जानार? जाबराच्या माणसाकडं?"

"तुमी गेलासा तर आनी येक किल्ली घिऊन येशीला."

रविवारी सकाळी ती रावजीच्या दारात उभी राहिली, पदर डोक्यावर, किल्ली तळहातावर. "भावजी, ही घ्या."

रावजी चहा पीत होता. त्यानं बशी खाली ठेवली. "वैनी, जाबराम्होरं माजं नाक कापलंसा तुमी."

"नाक जागच्या जागी हाय, म्या बगतीया की. चार गिऱ्हाइकं हायती म्हनलासा, त्यातल्या येकाला द्या खोली. त्योबी तुमचं नाव घील. माणूस तुमचाच ऱ्हातोय, निस्ता निजतोय दुसरीकडं."

"आन् उद्या भोंग्याला आला न्हाई तर?"

"तर जाबराम्होरं तोंड उगडू नका त्याच्यासाटी. मी काय म्हननार न्हाई."

रावजीनं किल्ली घेतली. पण तो खूश नव्हता, आणि केराबाईला ते दिसलं होतं.

त्याच दिवशी बैलगाडीतून माग आला, म्हातारा आला, मायाक्का आली. केराबाईनं चौकटीतली मऊ माती उपसली. तळाशी तेलंग्याचे पाय घासून घासून गुळगुळीत झालेला मुरूम लागला. तिनं हळद-कुंकू वाहिलं, आणि मग पहारीनं खड्डा आणखी चार बोटं खोल केला, कारण तिचे पाय लांब होते.

सोमवारी पहिला भोंगा झाला तेव्हा मायाप्पाच्या फडक्यात भाकरी बांधून झाली होती. केराबाई त्याच्यासोबत गेली, दोन पावलं मागं. फाटकावर अजून गर्दी नव्हती. मायाप्पाला भिंतीशी उभा करून ती वाट बघत राहिली. दुसरा भोंगा व्हायला आला तशी चाळीतली माणसं डोळे चोळत, मुंडासं गुंडाळत धावत यायला लागली. फाटक उशाला असलं की झोप लांबते. त्यांच्यात रावजीही होता. भिंतीशी उभ्या मायाप्पाला बघून तो थबकला, मग केराबाई दिसली.

"चल की आत," तो मायाप्पाला म्हणाला. "हुबा काय ऱ्हायलास नवरदेवागत?"

मायाप्पा आत गेला. फाटक लागल्यावर केराबाई वळली.

घरी आली तर बोळात ताणा चढत होता. ती खालून वाकून गेली. आत हरिबा भिंतीला टेकून मागाचा पहिला खांब दोन्ही हातांनी धरून बसला होता.

"कवापास्नं धरलाय, मामा?"

"तू गेल्यापास्नं. मार आता. आन् बगून मार, माजी बोटं हायती तितं."

केराबाईनं पदर खोचला, दगड उचलला आणि खांब ठोकायला लागली. तिसऱ्या घावाला म्हाताऱ्यानं हात वर केला. खांबाच्या कडेवरून तळवा खालीवर फिरवला.

"डावीकडं गेलाय. उपट."

"जवाएवडा गेला आसंल."

"जवाएवडा इथं, घोंगडीत हातभर. उपट म्हनलं न्हवं."

तिनं खांब उपटला, भोकात मूठभर मुरूम टाकून दाबला आणि पुन्हा पहिल्यापासून ठोकायला घेतला.